कोरड्याच्या उलट काय?

गोष्ट २०२५ च्या एप्रिलमधली. आमची लेक तेव्हा दुसरीत होती. एका संध्याकाळी ती शाळेचा कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. डावीकडे दहा इंग्रजी शब्द, उजवीकडे रिकाम्या रेघा आणि वर सूचना, विरुद्धार्थी शब्द लिहा. हॉट-कोल्ड, बिग-स्मॉल असं भराभर चाललं होतं. सहावा शब्द होता 'ड्राय'. तिनं पुढे 'वेट' लिहिलं आणि सातव्याकडे निघाली.

शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील, शेंगा सोलत बसले होते. आई-अण्णा मार्चमधे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे फीनिक्सला आले होते. त्यांनी विचारलं, "काय लिवती गं?"

लेक म्हणाली, "आजोबा, ड्राय म्हणजे कोरडं. त्याचं अपोझिट ओलं."

अण्णांनी शेंग खाली ठेवली. "कोरडं काय पण? रान, का गाय, का भाकरी?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. कागदावर नुसतंच 'ड्राय' होतं.

"नुसतं कोरडं असं कुठं असतंय व्हय? कशाचं कोरडं ते सांग, मग उलट सांगतो."

मला वाटलं, झालं, आता हा दहा मिनिटांचा गृहपाठ नऊ वाजेपर्यंत चालणार. आणि चाललाच. पण त्या संध्याकाळपासून हा शब्द माझ्या डोक्यात जो बसला तो बसलाच, आणि पुढे महिन्याभरात त्यानं मला चांगलाच हात दाखवला. ते येईलच ओघानं.

खरं म्हणजे 'ड्राय'नं मला आधीही फसवलं होतं. अमेरिकेत आल्यावर पहिल्याच टीम डिनरला वेटरनं विचारलं, वाईन ड्राय हवी का स्वीट? आमचं शिक्षण सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत, मग पुण्याला इंजिनिअरिंग. ग्लासात ओतायची वस्तू कोरडी कशी असेल हे काही केल्या कळेना. मान डोलावून 'ड्राय' म्हटलं नि जे आलं ते औषधासारखं प्यालो. द्राक्षातली साखर आंबताना जवळजवळ सगळी संपली की वाईन ड्राय, थोडी उरली की स्वीट, हे नंतर एका सहकाऱ्यानं सांगितलं. म्हणजे इथे कोरड्याच्या उलट गोड! सकाळी नाश्त्याला 'ड्राय टोस्ट' मागितला तर बिनलोण्याचा येतो, तिथे उलट लोणी. त्वचा ड्राय असेल तर उलट तेलकट. इथल्या उन्हाळ्याला लोक 'बट इट्स अ ड्राय हीट' म्हणून एकमेकांची समजूत घालतात, तिथे उलट दमट. (पारा ४५ अंशांवर गेला की ही समजूत कोणालाच पटत नाही, तरी घालतातच.) 'वेट नर्स' म्हणजे दुसऱ्याच्या बाळाला अंगावर पाजणारी दाई, आणि नुसतं सांभाळणारी असेल तर ती 'ड्राय नर्स'.

दारूच्या बाबतीत ड्राय-वेट ही जोडी इथे अगदी अधिकृत आहे. टेनेसीतल्या लिंचबर्गला जॅक डॅनियल्सचा कारखाना आहे. जगभर जाणारी ती व्हिस्की जिथे बनते ती मूर कौंटी 'ड्राय' कौंटी म्हणून प्रसिद्ध आहे. १९२० ते १९३३ या काळात तर सगळा देशच ड्राय होता, आणि पुढारी 'ड्राय' नि 'वेट' अशा दोन गटांत वाटले गेले होते. आपल्याकडे ड्राय डे असतो, पण उलट 'वेट डे' कोणी म्हणत नाही. मराठी वर्तमानपत्रांनी मात्र इंग्रजीला न विचारता 'ओली पार्टी' हा शब्द रूढ करून टाकलाय. आणि ब्रिटनमधे १९८० च्या दशकात मार्गारेट थॅचरबाईंच्या पक्षातले त्यांच्या धोरणांना बिचकणारे लोक 'वेट्स' आणि कट्टर समर्थक 'ड्राइज'. तिथे कोरडं असणं ही शाबासकी होती.

आमच्या धंद्यातही आहे. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या १९९९ च्या पुस्तकानं 'डी-आर-वाय' हे तत्त्व लोकप्रिय केलं, डोन्ट रिपीट युवरसेल्फ. एकच गोष्ट प्रोग्रॅममधे दोन ठिकाणी लिहू नका, एकाच ठिकाणी ठेवा. मग कोणा वात्रटानं त्याचा विरुद्धार्थी शब्द तयार केला, 'वेट', म्हणजे राईट एव्हरीथिंग ट्वाइस. मी कोड तपासायला बसलो की माझी अर्धी शेरेबाजी याच्यावरच असते, की हे परत कशाला लिहिलंय, वर आलंय ना एकदा, काढून टाका. ही सवय लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि एकदा वार्षिक मूल्यमापनात माझ्या मॅनेजरनं लिहिलं की मला 'ड्राय सेन्स ऑफ ह्यूमर' आहे. मी दोन दिवस खट्टू होतो. मराठीत कोरडं म्हणजे ज्यात ओलावा नाही ते. कोरडी सहानुभूती, कोरडे आभार, 'फोनवर किती कोरडं बोलतोस रे' हे आईचं दर रविवारचं वाक्य. मला वाटलं माझे विनोद रुक्ष आहेत असं म्हणायचंय. बायकोनं समजावलं की चेहरा गंभीर ठेवून केलेला विनोद म्हणजे ड्राय ह्यूमर आणि ही स्तुती आहे.

असो. अण्णांकडे वळू.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून आत. महादेवाच्या डोंगरांच्या पूर्वेला, म्हणजे पावसाच्या पडछायेत. चार एकर रान, एक विहीर, तीही मार्गशीर्षापर्यंत साथ देणारी. अण्णांच्या सत्तर वर्षांच्या आयुष्यातला मोठा भाग 'कोरडं' या एका शब्दाशी झगडण्यात गेला, त्यामुळे त्यांच्याकडे त्याचे प्रकार असणारच. त्या संध्याकाळी ते एकेक सांगत गेले, मी लेकीला इंग्रजीत सांगत गेलो, आणि ती कागदाच्या मागच्या बाजूला लिहीत गेली.

रान कोरडवाहू असतं, त्याच्या उलट बागायत. गाय भाकड, उलट दुभती. विहीर आटलेली, उलट भरलेली. वैरणीत कडबा वाळका, त्याच्या उलट हिरवा चारा. म्हणजे इथे कोरड्याच्या उलट रंग आला! सरपण वाळकं, उलट ओलं. भाजी सुकी, उलट पातळ. भाकरी कोरडी, उलट कालवलेली, आणि ज्यात ती कालवायची त्या आमटीला आमच्याकडे म्हणायचं 'कोरड्यास'. इतक्या पातळ पदार्थाला असलं नाव का, असं लेकीनं विचारलं. अण्णा म्हणाले, "कोरड्या भाकरीला लावायचं, म्हणून कोरड्यास."

मग शेंगांवर गाडी आली. ओल्या शेंगा म्हणजे पाण्यात भिजलेल्या शेंगा नव्हेत, ताज्या शेंगा. ओला हरभरा, ओली हळद, ओलं खोबरं यांतलं ओलं म्हणजे झाडावरून किंवा जमिनीतून नुकतं आलेलं. ओली बाळंतीण म्हणजे नुकतीच बाळंत झालेली. इंग्रजीत हे 'फ्रेश' किंवा 'ग्रीन'मधे जाईल, 'वेट'मधे कधीच नाही. आणि काही वस्तूंना तर वाळल्यावर आपण नावच वेगळं देतो. आलं वाळलं की सुंठ, द्राक्ष वाळलं की बेदाणा, खजूर वाळला की खारीक. तिथे विशेषणाचं कामच संपलं.

मी मधेच हुशारी करून विचारलं, मग कोरडं, सुकं आणि वाळलेलं हे तिन्ही एकच ना? अण्णांनी माझ्याकडे, मी शेताच्या बांधावर पुस्तक घेऊन बसायचो तेव्हा बघायचे तसं बघितलं. उत्तर आईनं स्वयंपाकघरातून दिलं. "कापडं वाळली का, असं विचारतो. कोरडी झाली का, असं विचारतो का कधी? आणि हात कोरडे कर म्हणतो, हात वाळव म्हणतो का?" बरोबर होतं. वाळलेल्या वस्तूच्या पाठीमागे ओलं असण्याचा इतिहास असतो. कोरड्याला तो लागत नाही. पाऊस न लागलेला रस्ताही कोरडाच. सुकणं यात तर कोमेजणंही येतं. रोप सुकतं, उपाशी पोराचं तोंड सुकतं. दूध किंवा विहीर यांचं पाणी मात्र सुकत नाही, आटतं. इंग्रजीत या सगळ्यांना एकच क्रियापद, टू ड्राय, आणि पुढे-मागे अप किंवा आऊट लावून भागवायचं.

'सुकडी' हा शब्द त्याच रात्री निघाला. १९७२ च्या दुष्काळात अण्णा सतरा वर्षांचे. कामावर खडी फोडायला जायचे आणि तिथे सुकडी मिळायची. घरी खायला मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, जिची भाकरी थापताना तुटायची. "तवा अमेरिकेची ज्वारी आमच्याकडं आली, आता आमी अमेरिकेला आलो," असं म्हणून ते हसले. लेकीला यातलं काही कळलं नाही. कागदाची मागची बाजू मात्र भरली होती. दुसऱ्या दिवशी तिनं ती बाईंना दाखवली. बाईंनी मागच्या पानावर एक हसरा चेहरा काढून दिला आणि पुढच्या पानावरच्या 'वेट'ला बरोबरची खूण.

फीनिक्सबद्दलही अण्णांचं मत याच तर्कानं बनलं होतं. आम्ही त्यांना येण्याआधी बजावलं होतं की इथे वाळवंट आहे, वर्षाला सरासरी १८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे आपल्या माणच्याही निम्म्याहून कमी. पहिल्या शनिवारी शहराबाहेर गाडीनं निघालो. कालवा दिसला, काठोकाठ वाहता. पुढे कापसाची रानं, आणि मग एकरांच्या एकर हिरवंगार काहीतरी. अण्णांनी गाडी थांबवायला लावली. "आरं, ही लसूणघास हाय!" होतीच ती, इथे अल्फाल्फा म्हणतात. मी सांगितलं, कोलोरॅडो नदीचं पाणी सव्वापाचशे-साडेपाचशे किलोमीटरच्या कालव्यानं इकडे आणलंय, शिवाय सॉल्ट रिव्हरवर १९११ पासून रूझवेल्ट धरण आहे. अण्णा बराच वेळ कालव्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मग कोरडा मुलूख, कोरडा मुलूख काय म्हनतोस? ही तर बागायत हाय."

कोरड्याच्या उलट 'पावसाचं' असं मी धरून चाललो होतो. त्यांच्या लेखी कोरड्याच्या उलट 'पाणी मिळालेलं'. एकाच गावाकडे बघून दोघांनी दोन उलटी उत्तरं दिली आणि दोन्ही खरी होती.

मला राहवेना म्हणून मी त्या आठवड्यात थोडं वाचन केलं. प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं १९८५ पासून 'वर्डनेट' नावाचा शब्दकोश तयार होत गेला. त्यात शब्द वर्णानुक्रमानं न लावता अर्थांच्या नात्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. (आयआयटी मुंबईत हिंदी आणि मराठीचंही असं शब्दजाळं तयार झालंय.) त्यात विशेषणांची मांडणी विरुद्धार्थावर उभी आहे. दोन टोकांना दोन विरुद्ध शब्द रोवायचे आणि त्यांच्याभोवती त्यांचे भाऊबंद जमवायचे. मिलर आणि सहकाऱ्यांनी हे समजवायला जी आकृती छापली त्यात टोकाचे शब्द होते 'वेट' आणि 'ड्राय'. एकीकडे दमट, चिंब वगैरे मंडळी, दुसरीकडे रखरखीत, शुष्क वगैरे. 'ॲरिड'ला स्वतःचा थेट विरुद्धार्थी शब्द नाही, त्याला आधी 'ड्राय'कडे जावं लागतं आणि तिथून पलीकडे 'वेट'च्या गोटात. आणि वाईनवाला ड्राय, दारूबंदीवाला ड्राय, खोकल्यावाला ड्राय ही त्यांच्या हिशेबी वेगवेगळी खाती आहेत, ज्याची त्याची जोडी वेगळी. हे वाचून मी अण्णांना म्हटलं, तुम्ही प्रिन्स्टनवाल्यांसारखंच सांगितलंत. ते म्हणाले, "कोन ह्ये?"

आता खोकल्याचं.

एप्रिलच्या शेवटी अण्णांना कंटाळा यायला लागला. आमच्या मागच्या अंगणात खडी टाकलेली, कडेला दोन निवडुंग. एवढी जागा मोकळी पडलेली त्यांना बघवेना. एक दिवस मी ऑफिसातून आलो तर एका कोपऱ्यातली खडी बाजूला करून दोन वाफे खणलेले. जमीन दगडासारखी टणक, कुदळीनं भुगा झाला होता, आणि वाऱ्यानं तो सगळीकडे उडत होता. अण्णांच्या मिशासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. कोथिंबीर आणि गवार लावली.

मेच्या मध्यावर खोकला सुरू झाला. संध्याकाळी कणकण, दिवसभर थकवा. चार दिवस घरगुती उपाय झाले आणि मग शनिवारी मी त्यांना जवळच्या अर्जंट केअरला घेऊन गेलो. पाहुण्यांचा विमा काढलेला होता, पण त्यात सुरुवातीचे पाचशे डॉलर आपले आपण भरायचे असतात, आणि खोटं कशाला बोलू, तो आकडा माझ्या डोक्यात होता. तपासणाऱ्या बाईंनी नीट, सावकाश प्रश्न विचारला. खोकला ड्राय आहे, की खोकल्याबरोबर काही बाहेर पडतं?

मी अण्णांकडे वळलो आणि म्हणालो, "खोकला कोरडाच आहे ना?"

अण्णा म्हणाले, "व्हय, कोरडाच."

"ड्राय," मी सांगितलं.

बाईंनी छाती तपासली, विषाणूचा संसर्ग दिसतोय म्हणाल्या, खोकल्याचं औषध आणि आराम सांगितला. आम्ही घरी आलो. मला बरंच हलकं वाटलं.

दहा दिवस गेले. खोकला तसाच. वजन उतरायला लागलं. एका रात्री दोनच्या सुमारास आई आमच्या खोलीच्या दाराशी आली. म्हणाली, "अरे, किती घरघरतायत ते. रोज पहाटे बेसिनमधे कफ काढतात नि नळ सोडून देतात, आवाज येऊ नये म्हणून."

"पण खोकला कोरडा आहे म्हणाले होते डॉक्टरांना!"

"कोरडा कुठला? सुरुवातीपासून ओला आहे."

सकाळी मी अण्णांना विचारलं, जरा चिडूनच. ते शांतपणे म्हणाले, "तू इचारलंस, कोरडाच हाय न्हवं? म्हटलं, तुला कोरडाच पायजे."

यावर मला बोलता आलं नाही. अजूनही नीटसं येत नाही. बाईंनी प्रश्नाची दोन टोकं दिली होती, हे आहे की ते आहे. मी दुसरं टोक कापून टाकलं. ड्राय सांगितलं की वेट आपोआप आलंच की, एक हो तर दुसरं नाही, परत कशाला बोलायचं, हा हिशेब माझ्या डोक्यात इतका मुरलेला आहे की तो केला हे मला कळलंसुद्धा नाही. कोड असता तर कोणी चूक काढली नसती. आणि वर तो 'च' आणि 'ना'. आपल्या भाषेत 'कोरडाच आहे ना' हा प्रश्न नसतोच, ती विनंती असते. 'कोरडं काय पण?' असं विचारल्याशिवाय नातीला गृहपाठातही उत्तर न देणारा माणूस पोराच्या विनंतीला मान देऊन मोकळा झाला.

त्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. यावेळी प्रश्न मी पूर्ण सांगितला. काही निघतं का, किती निघतं, रंग काय, रक्त दिसलं का. अण्णांनी पूर्ण उत्तरं दिली. मग डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला जो मला अनपेक्षित होता. गेल्या महिन्यात मातीत काम केलं होतं का? एक्स-रे काढला, उजव्या फुफ्फुसात खाली डाग होता. रक्त तपासायला पाठवलं. निकाल यायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत मी इंटरनेटवर जे जे वाचू नये ते सगळं वाचलं.

निकाल आला, व्हॅली फीव्हर. या भागात राहणाऱ्यांना हे नाव माहीत असायला हवं, मी सात वर्षं इथे राहून ते जाहिरातीसारखं डोळ्याआड केलं होतं. कॉक्सिडिऑइडिस नावाच्या बुरशीमुळे हा आजार होतो. ही बुरशी इथल्या वाळवंटी मातीत असते. कॅलिफोर्नियातल्या सॅन होआकिन व्हॅलीवरून आजाराला नाव पडलं, पण अमेरिकेत नोंद होणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त ॲरिझोनातले. पाऊस पडला की ती मातीत वाढते, माती वाळली की तिचे बारीक तुकडे होतात, आणि कोणी खणलं किंवा वारा सुटला की ते हवेत जातात नि श्वासातून फुफ्फुसात. लक्षणं न्यूमोनियासारखी, श्वास घेतल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत दिसायला लागतात. एकापासून दुसऱ्याला होत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं कारण मी पहिल्यांदा लेकीबद्दलच विचारलं. पुष्कळ जणांना काही औषध न घेताही बरं वाटतं. अण्णांना मधुमेह आहे आणि दुखणं लांबलं होतं, म्हणून फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या दिल्या, काही महिने घ्यायच्या.

पहिल्याच दिवशी पूर्ण प्रश्न विचारला असता तर निदान तेव्हाच झालं असतं असं मी म्हणत नाही. कोरडा खोकलाही या आजारात असतोच. पण त्या बाईंना मी चुकीचं उत्तर दिलं होतं, त्यांनी त्यावर विश्वास ठेवला होता, आणि दहा दिवस एक म्हातारा माणूस आपल्या पोराच्या घरात नळ सोडून खोकत होता. थुंकायची लाज वाटते म्हणाले. "घरभर गालिचा अंथरलाय तुमी. थुकायचं कुठं मानसानं?"

ज्यांचे आईवडील इकडे येतात आणि ज्यांना त्यांच्यासाठी दवाखान्यात दुभाष्याचं काम करावं लागतं, त्यांना माहीत असू द्या. बऱ्याच ठिकाणी फोनवरून मराठीचा दुभाष्या मिळू शकतो, आधी मागावा लागतो. आम्ही पुढच्या भेटींना तसाच घेतला. मी शेजारी बसून होतो. पलीकडून एक बाई स्वच्छ मराठीत विचारायच्या, "आजोबा, खोकला कोरडा आहे की कफ पडतो?" आणि अण्णा मला कधी न दिलेली लांबलचक उत्तरं त्यांना द्यायचे. जाताना त्यांचं गाव कुठलं हेही विचारून घेतलं.

जुलैपर्यंत वजन परत आलं. कुदळ मी गॅरेजमधे वर टांगून ठेवली. वाफ्यातली गवार मात्र कशी कोण जाणे उगवली, आणि दोन वेळची भाजी झाली. पातळ नव्हे, सुकी.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं परत गेले. उरलेल्या गोळ्या बरोबर दिल्या आणि साताऱ्याच्या डॉक्टरांसाठी सगळे कागद. ते पोचतात न पोचतात तोच तिकडे पावसानं हाहाकार केला. मराठवाड्यात आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नद्यांचं पाणी गावांत शिरलं, आणि बातम्यांत २०१९ सारखीच परत मागणी सुरू झाली, ओला दुष्काळ जाहीर करा. लेकीनं तो शब्द माझ्या लॅपटॉपवरच्या बातमीत ऐकला. तिला दुष्काळ म्हणजे ड्रॉट हे माहीत होतं, त्या रात्रीच्या सुकडीच्या गोष्टीतून. म्हणाली, वेट ड्रॉट? असं कसं असेल? मी म्हटलं, आजोबांना विचार.

रविवारी फोन लागला. तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, "कोरड्या दुष्काळात पेरलेलं उगवत न्हाई, ओल्यात उगवलेलं हाती लागत न्हाई. बाजरी काळी पडली बघ आपली. विहीर मातूर काठोकाठ हाय."

मग मी फोन घेतला. औषध चालू आहे ना असं विचारणार होतो, थांबलो. म्हटलं, "अण्णा, गोळ्या घेताय का चुकतायत?"

"घेतो. परवा एक चुकली."

"आणि खोकला? कोरडा आहे, का कफ पडतो, का कसा आहे?"

"कोरडा न्हाई, ओला न्हाई. न्हाईच हाय आता. दे, पोरीकडं दे फोन, तिला विहीर दावतो."